आजचा धडा आजच

साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या शाळेत, शिकवायला लागलं की शिक्षकाच्या हातून पहिली सुटते ती वार्षिक नियोजनाची वही. डी.एड.ला आमच्याकडून घटक, उपघटक, तासिका असे तक्ते आखून घेतले होते. जूनमध्ये शिकवलेलं डिसेंबरात सरावाला पुन्हा येईल, हे त्या तक्त्यांत गृहीतच असतं. माझ्याकडे मूल येतं ते दसरा-दिवाळीनंतर, आणि जाणार कधी ते टोळीच्या मुकादमाला ठाऊक.

बीड, जालना, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव भागातून टोळ्या उतरतात, कारखान्याभोवती त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. बैलगाडीवाल्यांची मुलं बहुधा हंगामभर टिकतात, कारण त्यांचा तळ कारखान्याजवळच असतो. ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र फडामागे गावोगाव हिंडतात. काल वजाबाकी शिकलेला मुलगा आज दुसऱ्याच तालुक्यात असतो आणि त्याच्या जागेवर नवं मूल येऊन बसलेलं असतं. पुढच्या शाळेत त्याला कुणी विचारील की नाही, हेही माहीत नसतं.

अशा वर्गात मी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे : उद्यावर काही ठेवायचं नाही. सकाळी न येणारी एक तरी गोष्ट संध्याकाळी मुलाला आली पाहिजे, आणि ती पूर्ण आली पाहिजे. त्यामुळे सगळी बाराखडी घोकून घ्यायच्या वाटेला मी जात नाही. क, म, ल, न ही चार अक्षरं आणि एक काना एवढंच घेते. त्यातून काम, कान, नाक, मान, माल, लाल, कमान, मामा, काका असे शब्द त्याच दिवशी होतात. मूल कोपीवर जातं ते अक्षरं पाठ करून नव्हे, शब्द वाचून. आईला ते ‘मला वाचता येतं’ असं सांगतं आणि ते खोटं नसतं. ज्याला पुढच्या आठवड्याची खात्री नाही, त्याच्या पदरात निदान ही चार अक्षरं तरी पूर्ण पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे इयत्ता विसरणं. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क दिला. दाखला यायला उशीर झाला म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. दार उघडलं हे खरंच मोठं काम झालं. पण अकरा वर्षांची मुलगी पाचवीत बसते आणि तिला जोडाक्षर तर सोडाच, मात्राही ओळखू येत नाही, तेव्हा तिला पाचवीचं पुस्तक देऊन काय साधणार? ‘असर’च्या शैक्षणिक पाहण्यांतून २००५ पासून जी साधी पद्धत सगळीकडे पोहोचली तीच मी वापरते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं मूल काय वाचतं ते पाहायचं आणि त्या गटात बसवायचं. सहा वर्षांचा आणि अकरा वर्षांची एकाच गटात आले, तर मोठीला वाईट वाटतं. म्हणून मोठ्यांच्या हाती मजकूर वेगळा देते. अक्षरं तीच, पण त्यात चिमणी-कावळा नसतो. बाजाराची यादी असते, एसटीची पाटी असते.

गणितात मात्र ही मुलं मला शिकवतात. उसाच्या वाढ्याच्या पेंड्या विकून किती पैसे आले ते त्यांना तोंडी सांगता येतं. अडतं ते कागदावर. मग मी वजनकाट्याची पावती फळ्यावर काढते. भरलेली गाडी २,७४० किलो, रिकामी गाडी ६१५ किलो, तर ऊस किती? २,१२५ किलो, म्हणजे दोन टनांवर सव्वाशे किलो. हातच्याची वजाबाकी, स्थानिक किंमत, किलो-टन हे सगळं त्या एका पावतीत येतं. पुढे टनाच्या दराने गुणलं की घरचा हिशोब होतो, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून, किती फिटलं हेही मुलं आपणहून विचारू लागतात. हे उत्तर चुकलं तर मुलांना चालत नाही. एवढी तपासणी पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाची कुणी करत नाही.

वर्ग बघायला येणाऱ्यांना हा तास फार आवडतो. मला मात्र त्याची थोडी धास्तीच वाटते. अनुभवातून शिकवावं हे खरं, पण सगळंच उसातून शिकवलं तर आपण मुलाला जास्त हुशार ऊसतोड्या करून सोडू. म्हणून पावतीनंतर लगेच नकाशा उघडते. धारूरहून निघून वाटेत टोळी कुठे कुठे थांबली त्या गावांची नावं मुलं सांगतात, आम्ही ती जोडत जातो. एवढा प्रवास केलेला असतो, पण तो कागदावर कधी पाहिलेला नसतो. कारखान्यापाशी बोट आलं की मी ते तिथे थांबू देत नाही. पुढे घाट, पुढे रत्नागिरी, पुढे समुद्र. समुद्र, आगगाडी, चंद्रावरचे खड्डे, हृदयाचे ठोके यांचा उसाशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच त्यांना रोजचा अर्धा तास राखून ठेवलेला असतो.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच उठून मुलापर्यंत जावं, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवला. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांची कुरणशाळा कुरणातच भरायची. आज त्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटतं ते हे की मुलाच्या कामाला त्यांनी शाळेचा शत्रू ठरवलं नाही. काम ध्यानात घेऊन शाळेची वेळ आणि जागा ठरवली. माझ्या वर्गात दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात. भावाला आणू नकोस म्हटलं की मुलगीच येत नाही. मग एका कोपऱ्यात सतरंजी, वाळूचं घमेलं आणि चार डबे ठेवले. बहीण त्याच्या नजरेच्या टप्प्यात बसते. वहीऐवजी मी पाटी वापरते, कारण वह्या धाकटी फाडतात. आणि महत्त्वाचं सगळं दुपारच्या आत उरकते. गाड्या परतायची वेळ झाली की मुलींचं चित्त भाकरीकडे लागतं.

याच मुली बारा-तेराच्या झाल्या की पटावरून गळू लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल मिळते ती जोडीवर; लग्न लवकर होण्यामागे हाही एक हिशोब असतो. त्याला शिक्षकाच्या एकट्याच्या युक्त्या पुरत नाहीत. मूल गावातच राहिलं पाहिजे. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, तीत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं धरली आहेत. ती नीट चालली, मुलींना तिथे सुरक्षित वाटलं, तर माझ्यासारख्यांचे वर्ग ओस पडतील. पडावेत.

तोवर जे मूल माझ्यापुढे आहे, त्याला परत पाठवणं हाही शिकवण्याचाच भाग आहे. त्यासाठी शिक्षण हमी पत्रक असतं : गावच्या शाळेकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून गावाला. त्यात श्रेणी लिहायची असते. पण ‘ब’ श्रेणी वाचून पुढच्या शिक्षकाने करायचं काय? म्हणून मी पत्रकासोबत एक चिठ्ठी जोडते : ‘जोडाक्षर नसलेला मजकूर वाचते. हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू केलेला नाही. एकटीने मोठ्याने वाचायला लाजते, जोडीने वाचायला द्यावं.’

मार्च-एप्रिलमध्ये मूल गावी पोहोचतं तेव्हा तिथे वार्षिक परीक्षेची घाई असते. पाच महिने गैरहजर असलेल्याला मागे बसवणं सोपं पडतं, आणि चिठ्ठी फाइलला लागते. गावच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती असते : पहिल्याच दिवशी चिठ्ठी वाचा आणि भागाकारापासून सुरू करा. तुम्ही पुन्हा अ-आ-इ काढलंत तर तिचा हंगाम वाया गेला, माझाही गेला. भागाकारापासून सुरू केलंत, तर दोन शाळा मिळून तिला एक सलग वर्ष मिळालं.