जामीनदार

मोटारीच्या पोटाखाली आपण होऊन जाणारे प्राणी दोनच. एक मेकॅनिक आणि दुसरं उन्हानं कावलेलं कुत्रं. बाकी सगळं जग मोटारीकडे पुढून बघतं. बॉनेट उघडून इंजिन दाखवणारे मालक मी ढिगानं पाहिले आहेत. पण 'या, जरा खाली वाका, तुम्हांला मागचा अ‍ॅक्सल दाखवतो' असं म्हणणारा मालक मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत भेटला नव्हता. तो शेवटी अमेरिकेत भेटला आणि आमच्याच घरातला निघाला. माझा सख्खा भाचा.

झालं असं की, ताई सहा महिन्यांसाठी मुलाकडे मिशिगनला गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "अरे, ह्यानं एक जुनी मोटार घेतलीय. अडोतीस वर्षांची! आणि आता तिचं इंजिन अजून जोरात पळावं म्हणून पैसे ओततोय. तू ये आणि ह्याला समजाव. मामाचं ऐकेल तो."

मामाचं ऐकतात हा आपल्याकडचा एक गोड गैरसमज आहे. लग्नात नवऱ्या मुलीला बोहल्यावर आणणं आणि एरवी सगळ्यांकडून 'मामा' बनणं, एवढीच या नात्याची अधिकृत कामं. पण तिकीट भाच्यानं पाठवलं होतं आणि रजा बँकेत साचून साचून तिला व्याज लागायची वेळ आली होती. मी ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी गेलो.

गाडी होती 1988 सालची फोर्ड मस्टँग. पाच लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, 225 हॉर्सपॉवर. "एवढे घोडे पुरत नाहीत?" मी विचारलं. आमच्या शाखेत आम्ही नऊ जण मिळून एवढी ताकद लावत नाही.

"मामा, सुपरचार्जर बसवला की चारशेच्या घरात जाईल," भाचा म्हणाला. सुपरचार्जर म्हणजे काय, तर फुंकणी. चुलीत फुंकर मारली की जाळ होतो, तशी ही फुंकणी इंजिनात हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जाळ. फरक एवढाच की आमच्या आजीची फुंकणी फुकट होती आणि ह्याची हजारो डॉलरची. ती खोक्यासकट गॅरेजच्या कोपऱ्यात येऊन पडली होती. त्या खोक्याकडे ताई ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं सुना सासवांच्या ट्रंकांकडे बघतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रातलं कळत नाही, पण व्यवहारातलं कळतं. कर्जाचा अर्ज समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तोच मी विचारला, "हे चारशे घोडे जोर लावणार. मग तो जोर सोसणार कोण?"

भाच्यानं माझ्याकडे जरा निराळ्याच आदरानं बघितलं आणि म्हणाला, "या मामा, खाली वाका."

गाडी जॅकस्टँडवर चढवलेली होती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी लोटा दिसत होता. त्याचं नाव डिफरन्शियल. आता हे कशाला लागतं, ते ज्यानं खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्याला सांगायला नको. तिवड्याला बैलांची रांग बांधलेली असते. तिवड्याजवळचा बैल संथ फिरतो आणि कडेच्या बिचाऱ्याला पळावं लागतं, कारण त्याचं रिंगण मोठं. मोटार वळते तेव्हा चाकांचं तेच होतं. आतलं चाक कमी अंतर जातं, बाहेरचं जास्त. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट जखडलं, तर एक फरपटणार. म्हणून मध्ये असा मध्यस्थ बसवायचा, की जो दोघांनाही जोर देईल आणि ज्याला त्याला आपापल्या वेगानं जाऊ देईल. मोटारीच्या डिफरन्शियलचं पहिलं पेटंट 1827 साली ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं घेतलं. मोटारी यायला अजून बराच अवकाश होता. घड्याळजीच तो, त्याला वेळेच्या आधी असणं भाग होतं.

या मध्यस्थाचा स्वभाव मात्र आमच्या आळीतल्या पंचांसारखा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, पण किती? तर ज्याचा पाय घसरतोय त्याला पेलेल तेवढाच. एक चाक बर्फावर गेलं की तेच गरागरा फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं शहाणं चाक नुसतं उभं राहतं. म्हणून आत चकत्या घालून घसरणाऱ्याला आवर घालणारा एक प्रकार करतात, त्याला म्हणतात 'लिमिटेड स्लिप'. तो भाच्याच्या गाडीत होता, पण चकत्या झिजून गेल्या होत्या. पंचांचंही असंच होतं.

मग भाच्यानं कागद घेतला आणि मला गणित दाखवलं. या इंजिनाचा पीळ मुळात 300 फूट-पौंड. पहिल्या गिअरमध्ये तो 3.35 पट होतो, म्हणजे 1005. मागे डिफरन्शियलमध्ये एक मोठं दातेरी चाक आणि एक छोटं पिनियन असतं. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात ते. भाच्याला तिथे 3.73 पट करायचे होते. घर्षणाची वजावट सोडली तर झाले 3748. मुद्दल तीनशे आणि वसुली पावणेचार हजार! आमच्या गावच्या सावकाराचा दरसुद्धा इतका नव्हता. आणि हे फुंकणी बसवायच्या आधीचं. म्हणजे इंजिन पुढे बसून ऐटीत गुरगुरणार आणि गुणाकार होऊन सगळा बोजा पडणार मागच्या या लोट्यावर, ज्याच्याकडे कुत्र्याखेरीज कोणी बघत नाही.

"अरे, हा तर जामीनदार!" मी ओरडलो.

मी कर्ज विभागात बसतो. कर्जदार कसा असतो ते मला ठाऊक आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात अंगठी, तोंडात मोठमोठे बेत. त्याच्या मागे खुर्चीच्या कडेवर टेकलेला एक गरीब जीव असतो. त्याला चहा विचारत नाहीत. फक्त 'इथे सही करा' म्हणतात. हप्ते थकले की मात्र बँकेला त्याचाच पत्ता आधी आठवतो.

"आणि ह्याची ऐपत काय आहे?" मी लोट्याकडे बोट दाखवलं.

ऐपत अशी होती. अमेरिकेत डिफरन्शियलची पत इंचांत मोजतात, क्राऊनच्या व्यासावरून. ह्याचा 8.8 इंची; फोर्डनं 1986 पासून या पाच लिटरवाल्या मस्टँगला दिलेला. 225 घोड्यांसाठी तो चोख, त्यात खोट काढायला जागा नाही. आतून चाकांपर्यंत जाणाऱ्या दोन दांड्यांच्या टोकांना 28 खाचा. आणि त्या दांड्या जागेवर धरून ठेवणारी वस्तू कोणती? तर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची एक छोटी पट्टी. दांडी धड आहे तोवर ठीक. पण जोर जास्त होऊन दांडी मोडली, तर तिचा बाहेरचा तुकडा धरायला कोणीच उरत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तो चाकासकट बाहेर येऊ शकतो," भाचा जरा हळू आवाजात म्हणाला.

दाराशी ताई चहा घेऊन उभी होती. ती कधी आली ते आम्हां दोघांनाही कळलं नव्हतं.

तिनं कप ठेवले. मला वाटलं आता रडारड होणार, निदान 'गाडी आत्ताच्या आत्ता वीक' एवढं तरी. पण ती उलट्या बादलीवर बसली आणि मला म्हणाली, "तू आत्ता काय म्हणालास ह्याला? जामीनदार?" मग मुलाकडे वळली. "तुझे बाबा सायकलवरून ऑफिसला का जायचे, माहीत आहे?"

"व्यायाम म्हणून," भाचा म्हणाला. "बाबांना सायकल आवडायची."

"व्यायाम कसला! ऑफिसातल्या मित्राला जामीन राहिले होते. मित्रानं हप्ते भरले नाहीत. 1999 पासून पाच वर्षं तुझ्या बाबांच्या पगारातून कापून गेले. स्कूटर नोंदवायचे पैसे होते ते. तुला सांगायचं नाही म्हणाले. पोराला वाटायला नको की बाप फसला."

भावोजी गेले त्याला सहा वर्षं झाली. मला हे माहीत होतं, बँकेत असल्यामुळे हिशेबाचे कागद मीच पाहिले होते. भाच्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. तो पाना तेव्हा चांगला स्वच्छ होता.

मग ताईच म्हणाली, "मोटार ठेव. फुंकणीही ठेव. पण आधी जामीनदार भक्कम कर. त्याच्या जिवावर उड्या मारायच्या असतील, तर त्याला विचारून मार."

ज्या बाईनं खर्च थांबवायला मला सातासमुद्रांपलीकडून बोलावलं होतं, तिनंच नवा खर्च मंजूर केला. आमच्या मुख्य कार्यालयात इतक्या लवकर साधी पंख्याची दुरुस्तीही मंजूर होत नाही.

पुढचे दोन आठवडे मी त्या गॅरेजात उमेदवारी केली. पहिला वाद 'नऊ इंची'चा. शेजारचा गोरा म्हातारा रोज कुंपणापाशी येऊन सांगायचा, हे काढून टाका आणि 9 इंची बसवा. फोर्डनं तो 1957 साली आणला आणि 1986 पर्यंत वापरला. शर्यतवाल्यांचं ते दैवतच. त्यात पिनियनला मागूनही एक बेअरिंग आधार देतं, म्हणजे जामीनदाराला जामीनदार. पण तो वजनाला जड, त्याचे दात एकमेकांवर अधिक घासतात, त्यात थोडी ताकद वाया जाते आणि पैसे जास्त. चारशे घोड्यांपुरता 8.8 इंचीच मजबूत करायचं ठरलं.

दांड्या बदलल्या. नव्या जास्त चांगल्या पोलादाच्या, 31 खाचांच्या. तीन खाचांनी काय होणार, असं मला वाटलं. पण खाचा वाढतात त्या दांडी जाड झाल्यामुळे, आणि पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनात वाढते. जाडी दहा टक्के वाढली की ताकद तेहतीस टक्के. हे मला लगेच पटलं. शंभर रुपये दहा टक्क्यांनी तीन वर्षं चक्रवाढीनं ठेवा, एकशे तेहतीस रुपये दहा पैसे येतात. निसर्गही शेवटी वाणिज्य शाखेचाच.

ती 'सी' पट्टी गेली आणि दांड्या बाहेरच्या टोकाला बेअरिंगपाशी धरणारी व्यवस्था आली. आता दांडी मोडली तरी चाक घर सोडून जाणार नाही. लोट्यात दाबून बसवलेल्या दोन्ही बाजूंच्या नळ्या जोरानं फिरू नयेत म्हणून वेल्डिंग करून घेतल्या. घसरणीला आवर घालणाऱ्या चकत्या नव्या घातल्या.

सगळ्यांत नाजूक काम क्राऊन आणि पिनियन यांचं जुळवण्याचं. दोघांत फट हवी, पण ती इंचाच्या हजारांश भागांत मोजायची. फार घट्ट बसवले तर तापून जळतात, फार सैल ठेवले तर खडखडाट करून दात मोडतात. कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या, काढायच्या, पुन्हा मोजायचं. पत्रिका जुळवणारे गुरुजी एवढे कष्ट घेत नाहीत. दात नीट भिडतात का हे बघायला भाचा त्यांना पिवळाधमक लेप लावत होता. ताईनं ते पाहिलं.

"हळद लावतोस?"

"हो आई," भाचा गंभीरपणे म्हणाला. "लग्न जमतंय का बघतोय."

लेप दातांच्या मधोमध उमटला. ताईनं कुंकवाचा करंडा आणला होता, पण बेअरिंगमध्ये कण गेलेला चालत नाही, म्हणून कुंकू बाहेरून लोट्याला लावलं. मग आत तेल भरलं. त्या तेलाला गंधकाचा असा काही वास असतो, की उदबत्तीनं माघार घेतली. पहिले पाचशे मैल गाडी हळू चालवायची आणि मध्ये मध्ये थांबून निवू द्यायची, असा नियम आहे. नव्या जावयालाही पहिल्या दिवाळसणापर्यंत असंच जपतात.

मी निघालो तेव्हा फुंकणीचं खोकं अजून बंदच होतं. बर्फ आलं की तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी उन्हाळ्यापर्यंत झाकूनच राहणार होती. पण त्या खोक्यावर बसून ताई आता मटार सोलायची.

परत येऊन मी कामावर रुजू झालो. माझ्या टेबलाशी कर्जदार येतात, ऐटीत बोलतात, मोठे आकडे सांगतात. मी त्यांना बसवतो आणि मागे कडेवर टेकलेल्या त्या दुसऱ्या माणसाला आधी चहा सांगतो. मग त्याच्याकडे नीट बघून मनातल्या मनात खाचा मोजतो. अठ्ठावीस की एकतीस? अठ्ठावीस निघाल्या, तर हळूच विचारतो, "साहेब, घरी स्कूटर घेतलीय का?"