टॅपेट कव्हर आणि बाबा

बाबांची पद्मिनी १९८६ सालची, १०८९ सीसीची. मागच्या महिन्यात गाडीत जळक्या तेलाचा वास यायला लागला आणि बाबा म्हणाले, "आता विकून टाकू." म्हटलं, थांबा हो, इंजिनियर पोरगा कशाला आहे!

तेल टॅपेट कव्हरमधून, म्हणजे पुस्तकातल्या रॉकर कव्हरमधून, झिरपत होतं. शनिवारी कॉर्कचं नवं पॅकिंग टाकलं, नट जीव खाऊन आवळले. रविवारी गळती दुप्पट!

बाबा खाली आले. कव्हर काढून काचेवर उपडं ठेवलं. पत्रा वाकलेला, कड सगळीकडे टेकतच नव्हती. कॉर्क तर चिरडून फाटला होता. मग लाकडी ठोकळ्यावर ठोकून कड सरळ केली, दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या, दुसरं पॅकिंग कव्हरला चिकटवलं. नट आळीपाळीने, थोडे थोडे. मी अजून थोडं आवळायला गेलो तर म्हणाले, "बास. कॉर्क दबला पाहिजे, चिरडला नाही."

बाबांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून पाना माझ्याच हातात होता.

तीन आठवडे झाले, इंजिन कोरडं आहे. विकायचा विषय त्यांनी काढलेला नाही. मीही काढत नाही.