रिकामा डबा देऊ नये

वऱ्हाडात प्लॅस्टिकचे दोनच प्रकार आहेत : डबा आणि पन्नी. शास्त्रज्ञ सात सांगतात. पण सगळ्याच शास्त्रज्ञांची सासुरवाडी काही अकोल्याला नसते. डबा म्हणजे ज्याला झाकण असते, मालक असतो आणि जो परत आला नाही तर फोन येतो. पन्नी म्हणजे पुण्यामुंबईची मंडळी जिला ‘कॅरीबॅग’ म्हणतात ती. तिचे कोणी काही लागत नाही.

डबा रिकामा परत करू नये, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. पुनर्वापराचा याहून कडक कायदा कोणत्याही सरकारला अजून जमलेला नाही. श्रीखंडाचा एक डबा श्रीखंड संपल्यावर जवसाची चटणी घेऊन आमच्या अमरावतीहून अकोल्याला गेला. सासूबाईंनी तो मुगवड्या भरून परत पाठवला. मुगवड्यांची परतफेड म्हणून तो सरगुंडे घेऊन गेला, तो कुरड्या घेऊन आला. गेली अकरा वर्षे हे चालू आहे. श्रीखंड करणाऱ्यांनीही त्याच्याकडून इतक्या आयुष्याची अपेक्षा केली नसेल. बडनेरा, मूर्तिजापूर ही स्टेशने त्याला आता तोंडपाठ असतील. मी अकोल्याला पोचलो की सासूबाई आधी पिशवीकडे बघतात. “जावईबापू, तो निळ्या झाकणाचा डबा आणला नं?” प्रकृतीची चौकशी त्यानंतर.

पण डबाही नश्वर आहे. एक दिवस त्याच्या बुडाला चीर जाते आणि तो भंगारवाल्याकडे जातो. आमचा भंगारवाला हा या विषयातला खरा प्राध्यापक. प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली ही पद्धत सुरू केली. पाण्याची बाटली १, तेलाचा कॅन २, पाइप ३, पातळ पिशवी ४, आपला डबा बहुधा ५, असे त्यांचे गोत्र ठरलेले. आमचा प्राध्यापक आकडा बघत नाही. तो वस्तू वाजवतो, वाकवतो, नखाने ओरखडा काढतो आणि निकाल देतो. “हे कडक, हे नरम. अन् हे पन्नी काहून आनली, भाऊ? इले कोन घेते? दिवसभर गोया केली तरी वजन भरत नाई.”

बाकीच्या मालाचे पुढे काय होते, ते बघण्यासारखे आहे. आधी निवड, मग यंत्रात चुरा, मग धुणे. पाण्याने भरलेल्या टाकीत चुरा टाकला की बाटलीचे तुकडे बुडतात आणि तिच्याच टोपणाचे तुकडे तरंगतात. जन्मभर एकमेकांना घट्ट धरून राहिलेली जोडी पाण्यात पडताच वेगळी होते. टोपणे, डबे, बादल्या वितळवून त्यांच्या शेवया पाडतात आणि त्या कापून दाणा करतात. संत्र्याच्या बागेतली ठिबकची जुनी नळीसुद्धा अशीच दाणा होते. त्या दाण्यातून पुन्हा नळी, बादली, घमेले.

बाटलीचा प्रवास मात्र जरा निराळा. तिचा चुरा वितळवून त्याचे तंतू काढतात. ते पांढरेशुभ्र तंतू उशीत भरतात, त्यांचे पॉलिएस्टरचे कापड होते. ज्या वऱ्हाडाच्या कापसावर कोणे एके काळी इंग्रजांचा डोळा होता, तिथल्या घरात आता बाटलीची उशी आली आहे! परवा एक पाहुणे तिला ‘चांगला कापूस आहे हो’ म्हणाले. त्यांचे घराणे चार पिढ्यांचे कापूसवाले, म्हणून मी गप्प राहिलो.

हे सगळे ऐकून ‘मग चिंता कसली?’ असे तुम्ही म्हणाल. चिंता अशी की प्लॅस्टिकला पुनर्जन्म असला, तरी मोजकाच. ते जितक्यांदा वितळते तितके त्याचे बळ कमी होते, आणि नाना रंग मिसळले की शेवटी काळाच उरतो. काळी बादली ही बहुधा अनेक जन्मांचे भोगून आलेली असते. वेफरच्या चकचकीत पुड्यात तर प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर असे काही एकजीव केलेले असतात की ते सोडवणे परवडत नाही. आणि खर्रा ज्या पन्नीत घोटतात, ती तर तळहाताएवढीच. खर्रा पाच मिनिटांत तोंडात जातो. पन्नी नालीत, नालीतून अंबानाल्यात. पाऊस पडला की ती आपण होऊन वर येते.

कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याच वर्षअखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बेकायदा झाली. पण भाजीबाजारात मायक्रॉन मोजणार कोण? २०१८च्या जानेवारीत अकोल्याचे हजारो लोक मोर्णा नदी साफ करायला उतरले. पार दिल्लीच्या ‘मन की बात’मध्ये त्यांचे कौतुक झाले. पण नदी एकदा साफ करून भागत नाही. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर पन्नीचा चुरा पसरून डांबरी रस्ता करण्याची युक्ती काढली. २०१८ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण रस्त्यात घालायची पन्नी आधी रस्त्यावरून उचलावी लागते.

आणि उचलणारी कोण, ते पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. खांद्यावर पोते घेतलेली ती बाई आपल्या आधी उठलेली असते. बाटली दिसली की वाकते, पन्नी दिसली की पुढे जाते. मी एकदा विचारले, तर म्हणाली, “बाटलीनं चूल पेटते, बाबू. पन्नीसाठी वाकलं त कंबरच दुखते.” तिला मजुरी वजनावर मिळते. सारे अर्थशास्त्र एवढेच : जिचे वजन नाही, तिच्यासाठी कोणी वाकत नाही.

याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. अंगावर चिंध्या जोडलेला वेश, आणि फुटक्या गाडग्याची खापरी : जेवताना ताट, एरवी टोपी. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. तेव्हा वऱ्हाडात पन्नी आलेली नव्हती. ती खापरी मातीची मातीला मिळाली असेल. पन्नीला माती घेत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि गाईने घेतली तर गाय जाते.

म्हणून आम्ही घरात एक नियम केला आहे. भंगारवाला जे परत घेत नाही, ते होता होईल तो घरात आणायचे नाही. इतवारा बाजारात जाताना कापडी पिशवी नेतो. मेथी घेतली की भाजीवाली सवयीने पन्नी फुंकून उघडते. मी नको म्हणतो. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे संशयाने पाहिले, आता म्हणते, “पन्नी वाचली, बाप्पा!” आणि मेथीवर चार काड्या सांभार टाकते. अकोल्याला तो डबाच जातो. कालच धुऊन उन्हात ठेवला आहे. या खेपेस त्यात काय भरायचे, यावर घरात मतभेद आहेत.