पहिली पंगत

आम्ही सतरा भावंडं, चुलत आणि आते धरून. निम्मी साताऱ्याची, निम्मी सांगलीची. परीक्षा संपली की एक तर सांगलीकर पोरं एसटीनं कराडमार्गे साताऱ्याला यायची, नाहीतर आम्ही तिकडे जायचो. सांगलीच्या घरात हळदीचा वास असे, साताऱ्याच्या घरी कंदी पेढ्यांचा पुडा फडताळात वर ठेवलेला असे. बाकी घर एकच.

कार्य निघालं की दोन्हीकडच्या बायका चार दिवस आधी जमत. अळू निवडणं, चारोळ्या भिजवणं, नारळ खवणं. पहिली पंगत पुरुषांची आणि पाहुण्यांची, दुसरी आम्हा मुलांची. पदर खोचून, ओगराळं घेऊन वाकून वाकून वाढणाऱ्या आजी, दोघी काकू, आई आणि आत्या शेवटी चार-साडेचारला बसत. तोवर मसालेभाताची खरवड उरलेली, मठ्ठा पाणी घालून वाढवलेला. त्या पाट न घेता भिंतीशी टेकून जेवत, पाय लांब करून. आम्ही तेव्हा अंगणात खेळत असायचो. त्यांच्या पानात काय पडलं, हे आमच्यातल्या एकानंही कधी पाहिलं नाही. आज याचीच सगळ्यात जास्त खंत वाटते.

१९८४च्या मे महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आलं. थोरल्या काकांनी सांगून टाकलं, "या खेपेला घरात चूल पेटणार नाही." महाबळेश्वरात १८८१ सालापासूनचा क्लब आहे. काकांचे एक स्नेही तिथले सभासद होते, त्यांच्या ओळखीनं दुपारच्या जेवणाची सोय झाली. आजी तयार नव्हती. क्लब म्हणजे साहेबांचा, तिथं आपलं काय काम, असं तिचं म्हणणं. मग पसरणीच्या घाटात काकांनी तिला सांगितलं, की १८२९ साली इंग्रजांनी ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडूनच घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. "म्हणजे आपलीच की," आजी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आधी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली आजीनं ओंजळ धरली. जन्मभर माहुलीला आणि सांगलीच्या घाटावर पाहिलेली नदी तिथं एवढीशी होती.

क्लबात लांब टेबलं मांडलेली, वर पांढऱ्या चादरी. जेवण आपलंच सांगितलं होतं : अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पंचामृत, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. पांढऱ्या कपड्यांतले वाढपी आले तशा आमच्या पाचही बायका सवयीनं उठल्या. धाकट्या काकूनं तर एकाच्या हातातून पळी घेतलीसुद्धा. काकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "वहिनी, काकू, सगळ्या आधी. आम्ही मागनं."

त्या बसल्या. कशा बसल्या, ते आम्हा सगळ्यांना वेगवेगळं आठवतं. सांगलीची ताई म्हणते, आई सारखी मागं वळून बघत होती. मला आठवते ती आजी : पाठ ताठ, डावा हात मांडीवर, आणि वाढप्यानं तूप वाढलं तेव्हा "पुरे" न म्हणणारी. आमच्या घरात बायकांचं तूप नेहमी "पुरे"वर थांबायचं.

पंगती गेल्या, केटरर आले, आग्रह संपला, अशी हळहळ मी पुष्कळ ऐकतो. पंगतीची गोडी मलाही आहे. पण तो आग्रह ज्यांच्या कमरेवर उभा होता, त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा गरम भात मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

थोरल्या काकूनं जिलबी मोडली. मोडतानाचा आवाज ऐकून ती थांबली. घरच्या लग्नामुंजींत ताटंच्या ताटं तिनं वाढली होती, पण तिच्या पानात येईस्तोवर जिलबी मऊ पडलेली असे.

"अगं, ही कुरकुरीत असते," ती आईला म्हणाली.