चार तारा, दोन टीव्ही

॥ श्री ॥
वाई

चि. अनिरुद्ध यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

घरातल्या चार खोल्यांत उपग्रहावरून टीव्ही आणायचा, तर कामाला सुरुवात गच्चीवरून करावी लागते. छत्री कुठे बसणार, तिच्यापासून किती तारा खाली उतरणार आणि त्या कुठल्या भिंतीने जाणार, हे आधी ठरते. टीव्ही किती इंची, हा प्रश्न सर्वांत शेवटचा. अनिरुद्धकडून म्युनिकहून येणाऱ्या याद्यांत क्रम बहुधा उलटा असतो: खोल्या, इंच, किमती सगळे नीट मांडलेले, आणि तळाशी एक ओळ, की गच्चीवरचा तो जाळीचा जुना सांगाडा अजून कशाला ठेवला आहे, नवीन डिश त्यावरच बसेल ना? बसणार नाही. ती का बसत नाही हे कळले की निम्मी मांडणी कळते, म्हणून आधी सांगाडा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागले. त्या काळचे चित्र जमिनीवरून येत असे. बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना, तिला बूस्टर, आणि तिचे तोंड सिंहगडाकडे. आकाशातून थेट चित्र घ्यायचे ते जाळीच्या मोठ्या छत्रीने, आणि ती वाईत आली केबलवाल्यामुळे. आळीत सर्वांत उंच गच्ची याच घराची असल्याने त्याने छत्री इथे बसवली आणि भाड्याच्या बदल्यात घराला फुकट जोडणी दिली. साल कोणते, यावर घरात एकमत नाही. आजीच्या हिशेबात ते अनिरुद्धच्या मुंजीच्या आधीचे, त्याच्या आईच्या हिशेबात नंतरचे. छत्री बसवायला आलेल्या पोरांनी आजीच्या पापडांवरून शिडी नेली, एवढे मात्र सर्वांना सारखेच आठवते.

ती छत्री ज्या उपग्रहाकडे पाहत असे त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे, आणि ती म्युनिकमध्ये कोणी सांगणार नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून वेस्टार-६ हा उपग्रह सोडला गेला. त्याची मोटर बिघडली आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातले अंतराळवीर त्याच्याजवळ गेले, त्यांनी तो अक्षरशः हातांनी धरला, यानात ठेवला आणि पृथ्वीवर परत आणला. दुरुस्ती झाली, मालक बदलले, नाव बदलून एशियासॅट-१ झाले, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधल्या शिचांगहून तो पुन्हा वर गेला, या वेळी नीट. स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये सुरू झालेला झी टीव्ही भारतात आला तो याच उपग्रहावरून. वाईतल्या आळीने पाहिलेल्या पहिल्या खासगी मालिका अशा एका माघारी आणलेल्या उपग्रहावरून उतरल्या. घर सोडून गेलेली वस्तू परत येते, फक्त आणायला कोणीतरी जावे लागते, असे आजी यावर म्हणते. तो विषय वेगळा.

एशियासॅट-१ उभा होता १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. असे सगळे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच वेळात एक फेरी करतात, म्हणून जमिनीवरून ते एका जागी स्थिर दिसतात. वाईहून १०५.५ अंशांकडे पाहायचे, तर छत्री दक्षिणेपासून पूर्वेकडे जवळपास ६३ अंश वळवावी लागते आणि क्षितिजापासून ४८ अंश उचलावी लागते. जुना सांगाडा अजून तिकडेच तोंड करून आहे. नवी छत्री ज्यांच्याकडे पाहणार ते टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत. त्यांच्यासाठी वळण २७ अंशांचे आणि उंची ६६ अंशांची. दूरदर्शनची विनाशुल्क सेवा ९३.५ अंशांवरून येते; तिला वळण ४९ आणि उंची ५९. शिवाय जुनी छत्री ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सी-बँडची. त्या लहरींची लांबी साडेसात सेंटीमीटर, म्हणून तिला जाळी चालत असे. आताच्या केयू-बँडच्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या, त्यांना सलग पत्रा लागतो. उपग्रह अधिक शक्तिमान असल्याने तो पत्रा ६० सेंटीमीटरचाही पुरतो. भारतात या लहान छत्र्या उशिरा आल्या. सरकारने १९९७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, ती २००० च्या नोव्हेंबरात उठली, आणि दूरदर्शनची मोफत सेवा सुरू झाली डिसेंबर २००४ मध्ये. सांगाड्यावर सध्या कारल्याचा वेल आहे. तो काढला जाणार नाही.

नवीन छत्रीची जागा म्हणजे गच्चीचा आग्नेय कोपरा. उपग्रह इतका वर असतो की अडथळ्यांचा त्रास भारतात फार होत नाही. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच झाड साडेचार मीटरच्या आत असेल तरच ८३ अंशांचा उपग्रह झाकला जातो. म्युनिकमध्ये १९.२ अंशांवरचा ॲस्ट्रा क्षितिजापासून केवळ ३४ अंशांवर दिसतो, त्यामुळे तेवढेच झाड पंधरा मीटर लांबूनही चित्र घालवते. तरीही परसातल्या हापूसकडे लक्ष हवे. व्हिडिओ कॉलवर तो दिसतो त्याहून बराच वाढला आहे, आणि जागा आजचा शेंडा पाहून नव्हे तर पुढच्या दहा वर्षांचा अंदाज घेऊन ठरवायची असते. छत्री बसवल्यावर ती पुरेशी वर पाहत नाही असे वाटते, पण तो भास असतो. लहरी झेलणाऱ्या एलएनबीचा दांडा खालून तिरका येत असल्याने पत्रा प्रत्यक्ष दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश कमी कललेला दिसतो. ती नजरेने ‘सरळ’ करण्याचा मोह पाहुण्यांनी आवरावा.

आता मुख्य मुद्दा. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी उपग्रहाच्या १० ते १३ गिगाहर्ट्झच्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो, कारण मूळ लहरी तारेतून जेमतेम काही मीटर टिकतील. मात्र तो सगळे एकदम खाली पाठवत नाही. उपग्रह काही चॅनल उभ्या ध्रुवणाने पाठवतो, काही आडव्या. सेट-टॉप बॉक्स त्याच तारेतून वर वीज पाठवतो, आणि ती १३ व्होल्ट असेल तर एलएनबी उभे ध्रुवण देतो, १८ व्होल्ट असेल तर आडवे. बँडचा खालचा की वरचा भाग हवा, हे २२ किलोहर्ट्झच्या एका बारीक सुराने सांगितले जाते. म्हणजे रिमोटचे बटण दाबले की त्या खोलीतून गच्चीवर एक मागणी जाते आणि एलएनबी तेवढेच खाली सोडतो.

एका तारेला साधा स्प्लिटर लावून दोन खोल्यांत दोन बॉक्स चालवता येत नाहीत, याचे कारण हेच. माजघरातल्या बॉक्सने १८ मागितले आणि आजीच्या खोलीतल्याने १३, तर १८ व्होल्टची मागणी जिंकते आणि आजीच्या टीव्हीवरचे अर्धे चॅनल जातात. माजघरातला बॉक्स बंद केला की ते परत येतात. अशा वेळी लोक बॉक्स बदलतात, टीव्ही बदलतात, कंपनीला शिव्या देतात, पण दोष स्प्लिटरचा असतो. याच आळीत एका घरी महिनाभर असे चालले होते, आणि सासूला वाटत होते की सून मुद्दाम चॅनल घालवते.

यावर उपाय असा की प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून स्वतंत्र तार द्यावी. चार तोंडांचा क्वाड एलएनबी घेतला की चारही तोंडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि चार खोल्यांत चार वेगळे चॅनल चालतात. नावाच्या साम्याने क्वाट्रो एलएनबी घेऊ नये. त्याची प्रत्येक तार एकच ठरावीक भाग देते, आणि तो मल्टिस्विचला जोडण्यासाठीच असतो. जर्मनीतल्या मोठ्या इमारतींत छपरावर एक छत्री, खाली मल्टिस्विच आणि तिथून घरोघरी तारा, ही मांडणी सर्रास आढळते. चार खोल्यांच्या घराला ती नको. एकाच तारेवर अनेक बॉक्स चालवण्याची युनिकेबल नावाची युरोपीय पद्धतही आहे, पण ती एलएनबी आणि बॉक्स दोघांनाही कळावी लागते. इथल्या बॉक्सवर भरवसा ठेवून ती आणू नये.

तार आरजी-६ प्रकारची, ७५ ओहमची. वरच्या टोकाच्या वारंवारितेला तिच्यात शंभर मीटरमागे साधारण तीस डेसिबल घट होते, म्हणून तीस मीटरपर्यंत चिंता नसते. या घरात सर्वांत लांबची तार, गच्चीपासून आजीच्या खोलीपर्यंतची, त्याच्या आत बसते. गाभा पूर्ण तांब्याचा हवा. स्वस्त तारेत पोलादावर तांब्याचा मुलामा असतो, आणि लांब तारेत १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोचेपर्यंत ढेपाळतात. दुकानात लोहचुंबक लावून पाहावे. गाभा चिकटला तर तार परत करावी. मध्ये सांधा असू नये. कनेक्टर दाबून बसवायचे, पिळून बसवायचे नव्हेत. बाहेरच्या कनेक्टरच्या आधी तारेला खाली लोंबणारा एक वळसा ठेवावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते आणि एलएनबीत शिरत नाही.

पावसाचा प्रश्न वाईला खराच आहे. महाबळेश्वरकडून आलेली सर अडीच सेंटीमीटरच्या लहरी शोषून घेते आणि चित्र थिजते. ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि बऱ्याच सरी निभावतात. मुसळधारेत तीही हात टेकते. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारच्या सुमारास काही मिनिटे सूर्य उपग्रहाच्या मागे येतो तेव्हाही चित्र जाते. त्यासाठी म्युनिकला फोन लावण्याचे कारण नाही. वळवाच्या विजा लक्षात घेऊन छत्रीचा खांब जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडावा. राहिली वानरे. ती एलएनबीच्या दांड्याला लोंबकळतात आणि छत्री दोन अंश जरी हलली तरी सगळे जाते. खांब भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प करून घट्ट आवळणे, एवढेच हातात असते.

शेवटी टीव्ही. तारा चार टाकाव्यात, टीव्ही दोन घ्यावेत. दर बॉक्समागे वेगळे पैसे भरावे लागतात. दूरसंचार प्राधिकरणाने २०२० पासून दुसऱ्या टीव्हीच्या नेटवर्क शुल्कावर पहिल्याच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये हे दर कंपन्यांवर सोपवले गेले, तेव्हा आधी विचारून घ्यावे. पण खरे कारण पैसे नाहीत. आजीच्या खोलीत टीव्ही दिला तर ती माजघरात येणार नाही, आणि माजघरात आल्याशिवाय ती जेवत नाही. म्हणून एक माजघरात, एक वरच्या मोठ्या खोलीत. आजीच्या खोलीतली तार भिंतीत झाकण लावून ठेवायची. गुडघ्यांनी फारच हट्ट केला तर पाहता येईल. चौथी तार अनिरुद्धच्या खोलीत. भारतातल्या या सेवांचे झोत भारतापुरतेच असल्याने म्युनिकमध्ये कितीही मोठी छत्री लावली तरी मराठी चॅनल उतरणार नाहीत, आणि फोनवरच्या मालिका अनिरुद्धच्या छोट्या ईशानने पाहून उपयोग नाही, कारण त्याला मराठीतून विचारणारे शेजारी कोणी नसते. सुट्टीत तो इथे आला तर आजी विचारायला आहे. त्यासाठी टीव्हीचीही गरज नाही.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. गच्ची तेव्हा कोरडी असते आणि वायरमन मोकळा. आधी छत्री बसवून एका बॉक्सवर सिग्नल पाहावा, मग चारही तारा एकेक करून त्याच बॉक्सला लावून तपासाव्यात, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना खोलीचे नाव चिकटवावे, आणि त्यानंतरच भिंतीतल्या पाइपांची तोंडे बंद करावीत. कनेक्टर आणि तार सातारा-पुण्यात मिळतात, म्युनिकहून पाठवू नयेत. कनेक्टर दाबण्याचा चांगला पकड-चिमटा मात्र आणावा, आणि तो टपालाने नव्हे, स्वतः घेऊन यावा.

कळावे. सौ. पूजास व चि. ईशानला आशीर्वाद.

काका