मार्फत ९९ एपीओ

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पत्त्यात गाव नव्हतं. नंबर, हुद्दा, नाव, १ मराठा लाइट इन्फन्ट्री, मार्फत ५६ एपीओ. संपला पत्ता. ना तालुका, ना जिल्हा. आमच्या सातारा जिल्ह्यात असे पत्ते घरोघरी पाठ असायचे; अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. तरी आजीला त्या पत्त्याचा भरवसा वाटायचा नाही. ‘गावाचं नाव न्हाई, तर कागद जाणार कुठं?’ असं ती पोस्टमनला दर खेपेला विचारायची आणि तो बिचारा दर खेपेला ‘जातोय म्हातारे, बरोबर जातोय’ म्हणायचा.

जायचा तो असा. छप्पन्नचं टपाल दिल्लीत गोळा व्हायचं, नव्व्याण्णवचं कोलकात्यात. तिथून पुढे कुठली पलटण कुठं आहे, हे फौजेच्या टपालवाल्यांनाच ठाऊक. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून केलेली ही सोय; तिच्यापायी आईलाही नवऱ्याचा पत्ता लागत नसे, ही गोष्ट वेगळी. पण बायकांनी त्यातूनही वाट काढली होती. छप्पन्न म्हणजे पंजाब-काश्मीरकडे असेल, नव्व्याण्णव म्हणजे पूर्वेला. अण्णांच्या पत्रावर नव्व्याण्णव आलं तेव्हा आजीनं पाणवठ्यावर सांगून टाकलं, ‘आमचा नव्व्याण्णवला गेला.’ मी तेव्हा पहिलीत होते. पाटीवर गमभन झालं आणि लगेच आजीच्या पत्रांवर हा पत्ता लिहायचं काम माझ्याकडे आलं. एपीओ ही तीन अक्षरं मी माझ्या गावाच्या नावाआधी लिहायला शिकले.

ते १९७१ साल. जमालपूरची लढाई मला पुढं कॉलेजात असताना वाचून कळली. ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या गावात पाकिस्तानी फौज अडकली होती. भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या माणसाच्या हाती शरण या म्हणून पत्र पाठवलं. पलीकडून उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीसकट. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडून निघायला गेली आणि मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. सकाळी उरलेल्यांनी हत्यारं टाकली. अण्णा त्या रात्री तिथं होते. त्याच महिन्यातलं त्यांचं आंतरदेशीय आईनं जपून ठेवलंय. त्यात लिहिलंय काय, तर शाळवाला हुरडा आला का, म्हैस व्याली का, पोरीला देवीची लस टोचून घ्या आणि वरच्या वावराच्या बांधावरून भावकीशी भांडू नका. जमालपूरचं नावही नाही. ते लिहायला मनाई होती हे खरं, पण मनाई नसती तरी त्यांनी बांधाबद्दलच लिहिलं असतं, असं आता मला वाटतं.

त्या पत्राच्या डोक्यावर आकडा आहे. फौजी माणसं पत्रांना नंबर टाकत, कारण कधी तीन पत्रं एकदम यायची, कधी मागचं पुढं आणि पुढचं मागं. नंबर असला म्हणजे कुठलं आधी वाचायचं ते कळतं आणि एखादं हरवलं तर तेही कळतं.

पुढच्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी. त्यांनी देशाचे भूगोलावरून आठ विभाग पाडले आणि नववा दिला फौजेला. ज्यांच्या पत्त्यात गाव नाही त्यांच्यासाठी अख्खा एक विभाग! हे कवीलाच सुचावं.

१९८५ ला अण्णा पेन्शनीवर आले. हवालदार म्हणून आले, पण गावानं रिवाजाप्रमाणे ‘मेजर’ करून टाकलं. आणि मग घरात जे व्हायचं तेच झालं. इतकी वर्षं पेरणी कधी, उधारी कुणाची, पोरं कुठल्या शाळेत, हे सगळं आई ठरवत होती. आता पहाटे चारला उठून अंगणाला शिस्त लावणारा हा माणूस तिला पायात यायला लागला. पत्रातले अण्णा मायाळू होते, घरातले अण्णा गप्प. समोर बसून बोलायची सवयच नव्हती त्यांना. विचारलं तर ‘ठीक’, नाही विचारलं तर तेही नाही. वर्षभरात त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली आणि दोघांनाही जरा मोकळं वाटलं.

फोन आला तरी फरक पडला नाही. फोनवर ते ताठ उभं राहून बोलत. ‘सगळे ठीक? ठेवतो.’

मग माझा मुलगा सातवीत वसतिगृहात गेला आणि अण्णांना पुन्हा पत्रं लिहायला कुणीतरी मिळालं. चौकटीचा कागद, निळी शाई, वर उजवीकडे तारीख, डावीकडे ‘पत्र क्र. ७’. पहिली ओळ हिशेबाची: तुझे पत्र क्र. ४ मिळाले, क्र. ५ अद्याप नाही. त्यानंतर मजकूर. बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, चुलीजवळ ठेवू नकोस, चामडं तडकतं. मोजे रोज बदल. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव. रडू आलं तर रड, पण जेवण टाळू नकोस. हे शेवटचं वाक्य मी मुलाच्या कपाटात वाचलं तेव्हा मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मला पायांच्या बोटांपर्यंतच मिळालं होतं.

त्यांच्या दोघांत एक जुना वाद होता. नातवाचं पत्र क्र. ११ कधी पोचलंच नाही. मुलगा म्हणायचा, मी टाकलं होतं. अण्णा म्हणायचे, टाकलं असतंस तर आलं असतं, नव्व्याण्णवला येत होतं तर इथं का येणार नाही? पण नातवावर विश्वास ठेवायचं ठरवून त्यांनी पोस्टाकडे लेखी तक्रार केली. पोस्टानंही चौकशी करून रीतसर उत्तर पाठवलं: असे पत्र आढळून आले नाही.

अण्णा गेले त्याच्या तेराव्याला आम्ही ती फाईल काढली. नातवाची सगळी पत्रं क्रमानं लावलेली. दहा आणि बाराच्या मध्ये तक्रारीची नक्कल आणि पोस्टाचं उत्तर. माझा मुलगा, आता स्वतः बाप झालेला, बराच वेळ दहावं आणि बारावं पत्र उलटसुलट करत बसला. मग कान धरून म्हणाला, ‘अकरावं नव्हतंच. मी नंबर टाकताना एक गाळला होता.’

आई म्हणाली, ‘बरं झालं त्यांना कळलं नाही. पोस्टाला माफीचं पत्र लिहीत बसले असते.’