आधी बादली, मग बाटली

मार्चचा पहिला मंगळवार हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात टाउन मीटिंगचा दिवस. गावातले मतदार शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसतात. रस्त्यावरचा बर्फ उपसायचा खर्च, अग्निशामक दलाची गाडी, यावर तासन्‌तास वाद घालतात आणि मधल्या सुट्टीत घरून आणलेलं एकत्र जेवतात. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की, या दिवसापर्यंत मेपलच्या झाडांना रसासाठी तोट्या ठोकून झालेल्या असाव्यात. हल्ली थंडी लवकर ढिली पडते, म्हणून पुष्कळजण फेब्रुवारीतच उरकतात. जेवणाच्या रांगेत मी पुढच्या माणसाला हटकून विचारते, “तुमच्या दारातल्या मेपलला तोटी लावलीत का?” उत्तर बहुधा ठरलेलं असतं. “छे, आमच्या घरात ते कुणी करत नाही.”

ज्याच्या अंगणात पणजोबांच्या वेळचा मेपल उभा आहे तो म्हणतो, हे आमचं काम नाही. आणि विचारणारी मी करवीर तालुक्यातली, जिने मेपलचं पान पहिल्यांदा पाहिलं ते कॅनडाच्या झेंड्यावर.

खरं तर लागतं फार थोडं. शुगर मेपल असला तर उत्तम, पण रेड मेपलही चालतो. खोडाचा व्यास पंचवीस-तीस सेंटिमीटर तरी हवा. त्याहून लहान पोराला हात लावायचा नाही. पाच सोळांश इंचाचं ड्रिल बिट घ्यायचं, दीड ते दोन इंच खोल भोक पाडायचं, रस बाहेर वाहावा म्हणून आतून बाहेर किंचित उतार ठेवायचा. भुसा पांढुरका निघाला की समजायचं, जिवंत लाकूड लागलं. तपकिरी निघाला तर ती जागा मेलेली. तोटी हातोडीने हलकेच ठोकायची. ठोकताना आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो, आणि तिथेच थांबायचं. जास्त ठोकलं की खोड चिरतं आणि रस तोटीतून येण्याऐवजी बाजूने ओघळतो. या आवाजाबद्दल मी कितीही लिहिलं तरी ते व्यर्थ आहे. नवख्याच्या हातात हातोडी द्यावी आणि आपण गप्प राहावं.

रस वाहतो तो हवामानाच्या लहरीवर. रात्री शून्याखाली चार-पाच अंश आणि दुपारी शून्यावर तितकंच, असे दिवस लागतात. पानं तर अजून फुटलेलीही नसतात, मग रस वाहतो कसा? मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते. गोठताना तिथे बर्फ धरतो, पाणी आत ओढलं जातं आणि ती हवा दाबली जाते. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की बर्फ वितळतो, दाबलेली हवा पसरते आणि रसाला बाहेर ढकलते. रात्र उबदार गेली तर बादली कोरडी. दिवसभर गोठलेलं राहिलं तरी कोरडीच. आपण कितीही सुट्टी काढून बसलो तरी झाडाला त्याचं काही नसतं.

मग येतो तो हिशेब, ज्याने निम्मे उत्साही लोक गळतात. रसात साखर असते साधारण दोन टक्के. मेपलवाल्यांचा जुना नियम सांगतो की, ८६ या आकड्याला साखरेच्या टक्केवारीने भागा, म्हणजे एक भाग सिरपला किती भाग रस लागेल ते कळतं. दोन टक्क्यांना त्रेचाळीस. बादली लावलेल्या एका तोटीतून हंगामात चाळीसेक लिटर रस मिळाला तर चांगलं म्हणायचं, आणि त्याचं होतं जेमतेम लिटरभर सिरप. हा आकडा मी कधी लपवत नाही. फायद्यासाठी येणाऱ्याला मी सरळ दुकानाचा रस्ता दाखवते. लाकडं आणि वेळ मोजला तर तिथली बाटली स्वस्त पडते.

आमच्या गावाकडच्या गुऱ्हाळात उसाच्या रसात अठरा-वीस टक्के साखर असायची, आणि ती आटवायला चिपाडं फुकट. इथे जळण वेगळं आणावं लागतं आणि पाणी दसपट उडवावं लागतं. तरी पहिल्यांदा मी एका शुगरहाऊसमध्ये, म्हणजे रस आटवायच्या शेडमध्ये, शिरले, छपराच्या झडपांतून वाफेचे लोट बाहेर पडत होते, आणि नाकात जो वास गेला त्याने मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. काहीलीत फेस चढला की गुऱ्हाळात मळी काढतात, भेंडीचं पाणी घालतात. इथे फेस चढला की लोण्याचा एक थेंब टाकतात आणि तो निमूट बसतो. तिकडे गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो. इथला जुना माणूस उलथनं पाकात बुडवून उभं धरतो. थेंबथेंब गळणं थांबून कडेला पडद्यासारखा पापुद्रा लोंबला की झालं. थर्मामीटरही आहेच. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चार अंश, म्हणजे साधारण १०४ सेल्सियस. पण हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदूही हलतो, म्हणून त्याच दिवशी शेजारी साधं पाणी उकळून आधी तो मोजून घ्यावा. शेवटच्या पाच मिनिटांत दाराची बेल वाजली तरी उठायचं नाही.

गुऱ्हाळाची आठवण मला वेगळ्या कारणासाठी हवी आहे. आम्ही पोरं तिथे गूळ शिकायला जात नव्हतो. चिपाडाला लागलेली गरम काकवी चाटायला जायचो. जाळ घालणाऱ्याला जरा उसंत हवी असली की तो म्हणायचा, “ए पोरी, दोन चिपाडं सार आत.” बस्स, तेवढीच शिकवणी. मेपलच्या रानातही एके काळी असंच होतं. झाडाझाडाला बादल्या, बर्फातून घोड्यांची स्लेज, आणि रस गोळा करायला घरची, शेजारची, वाटसरू, सगळी माणसं. बादल्या वाहता वाहता माणसं तरबेज होत.

मग आली नळी. व्हरमाँटच्याच नेल्सन ग्रिग्ज यांनी १९५९ साली प्लास्टिकच्या नळ्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे नळ्यांना व्हॅक्यूम पंप जोडले गेले, आणि सत्तरच्या दशकात रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रं आली. उकळण्याआधीच ती निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकतात. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. जळण वाचतं, पाठ वाचते, आणि अमेरिकेतलं निम्मं सिरप आमच्या या चिमुकल्या राज्यात होतं ते याच्याच जोरावर. सीमेपलीकडे क्वेबेकात तर जगातलं सत्तरेक टक्के सिरप बनतं. तिथे उत्पादकांच्या संघटनेने कोटा ठरवून दिलेला आहे आणि पिंपांचा राखीव साठा ठेवलेला आहे. त्या साठ्यातून २०११-१२च्या सुमारास जवळजवळ तीन हजार टन सिरप चोरांनी लांबवलं होतं. गोड वस्तूची एवढी मोठी चोरी जगात दुसरी झाली असेल असं वाटत नाही.

पण नळीने बादली वाहणाऱ्याची गरज संपवली, आणि त्याबरोबर गावाचा आत यायचा दरवाजा बंद झाला. रस आता टेकडीवरून गुपचूप टाकीत येतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात त्या झाडाझाडांतून ताणलेल्या निळ्या रेषा. त्याला वाटतं, हा कारखाना आहे, यात आपलं काय काम? मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी शुगरहाऊसवाले दारं उघडतात, लोक रांगा लावतात, बर्फावर ओतलेलं घट्ट सिरप काट्याला गुंडाळून खातात, मधे लोणच्यातली काकडी चावतात, बाटली घेऊन घरी जातात. मला तो सोहळा मनापासून आवडतो. पण त्यातून गिऱ्हाईक तयार होतं, हाताखालचा माणूस तयार होत नाही. चव आधी दिली की माणूस पाकीट काढतो. बादली आधी दिली की तो दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो, “अहो, ठिबकतंय!”

म्हणून मी माणसांना आधी सिरप देत नाही. एक तोटी, एक झाकणाची बादली आणि उसनं ड्रिल देते. उकळायची चिंता करू नका म्हणते, कारण खरी अडचण तिथेच आहे. तीन झाडांच्या रसासाठी कुणी चूल बांधणार नाही. आणि स्वयंपाकघरात उकळायला बसलात तर वाफेने भिंतीचा कागद सुटतो, हे इथे प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खरं आहे. माझ्या परसात सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल आहे, वर स्टीलची उथळ पातेली. ज्याने त्याने आपला रस आणावा. रस दुधासारखा नाशिवंत, तेव्हा थंडीत ठेवून दोन-तीन दिवसांत पोचवावा. मी हायड्रोमीटरने साखर मोजते आणि त्या हिशेबाने वाटा देते. यावर भांडणंही होतात. एका गृहस्थांच्या रेड मेपलचा रस पातळ निघाला आणि शेजारणीच्या शुगर मेपलचा दाट. लिटर सारखेच, मग सिरप कमी का, यावर ते दोघं चुलीशेजारी अर्धा तास बोलत होते. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं “गुड मॉर्निंग”पुढे गेलं नव्हतं.

सावधगिरीच्या गोष्टी मात्र मी कडकपणे सांगते. जुन्या बाजारातून आणलेल्या देखण्या पत्र्याच्या बादल्या वापरू नका. त्यांच्या जोडात शिशाचं डाग काम असू शकतं. रस्त्याकडेची झाडं गावाची असतात, तेव्हा गावाच्या ट्री वॉर्डनला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. आणि गेल्या वर्षीच्या भोकाजवळ नवं भोक पाडू नका. झाड जखम भरून काढत नाही. ते त्या भागाभोवती भिंत घालतं आणि आतलं लाकूड काळपट होऊन कायमचं बाद होतं. वर नवं लाकूड चढत राहतं, तेच आपल्या वाट्याचं. अंडरहिलला व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं याचाच अभ्यास करतात. निरोगी झाडाने किती द्यावं आणि आपण किती घ्यावं, याचं उत्तर त्यांनी भावनेवर सोडलेलं नाही.

“आमच्या घरात कुणी करत नाही” या वाक्यावर माझं एक उत्तर ठरलेलं आहे. इथल्या कुठल्या गोऱ्या घराण्यात ते मुळात होतं? अबेनाकी आणि त्यांच्यासारख्या मूळ रहिवासी लोकांनी बर्चच्या सालीच्या भांड्यांत रस धरला, आटवून साखर केली, कारण साखर टिकते आणि वाहून नेता येते. युरोपातून आलेल्यांनी त्यांच्याकडून हे घेतलं. आज ज्यांची सात पिढ्यांची शुगरहाऊसं आहेत, त्यांचीही पहिली पिढी कुणाच्यातरी शेजारी उभी राहून बघत होती. इथल्या विनुस्की शहरातल्या नेपाळी बोलणाऱ्या भूतानी कुटुंबाला किंवा मला, आपण उपरे आहोत म्हणून मागे राहायचं कारण नाही.

उलट वरून दिलेल्या हाकेने हे काम वाढत नाही, याचा एक मोठा दाखला आहे. १७९१ साली अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रश यांनी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनना उद्देशून मेपलच्या साखरेवर सविस्तर लिहिलं. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टांवर पिकणाऱ्या साखरेला मेपल हा पर्याय ठरेल, अशी त्या काळी अनेकांना आशा होती. जेफरसन यांनी त्याच वर्षी व्हर्जिनियात आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर मेपलची रोपं लावली. ती धरली नाहीत. ज्या मळ्यावर गुलाम राबत होते, तिथेच ही झाडं लावायची, यातली विसंगती त्यांना बोचली की नाही, देव जाणे.

मराठी मित्र बॉस्टनकडून येतात तेव्हा पहिल्यांदा नाक मुरडतात, “काकवीच आहे की!” मग थालीपिठावर ओतून घेतात आणि गप्प होतात. मी त्यांना गडद सिरप देते. दुकानात लोक सोनेरी रंगाला भुलतात, पण हंगामाच्या शेवटच्या गडद सिरपात जी धार आहे ती त्यात नाही. पाडव्याच्या आसपास कळ्या फुगतात, रसाला उग्र वास येतो, मग तोट्या उपटून भोक तसंच सोडायचं. काही कोंबू नये, झाड त्यावर स्वतः नवं लाकूड चढवतं.

तर यंदा लावायची इच्छा असेल त्यांनी मार्चची वाट पाहू नये. बिनपानांच्या झाडांत मेपल ओळखणं नवख्याला जमत नाही. समोरासमोर फुटलेल्या फांद्या आणि टोकदार तपकिरी कळ्या ही शुगर मेपलची खूण आहे खरी, पण अ‍ॅशच्या फांद्याही समोरासमोरच असतात. ऑक्टोबरात पानं लाल-केशरी असतानाच आपापल्या झाडाला सुतळी बांधून ठेवावी. माझ्याकडे तोट्या शिल्लक आहेत, बादल्या मात्र कमी पडतील, तेव्हा झाकणाच्या, अन्न ठेवायला चालतील अशा, स्वच्छ धुतलेल्या आणाव्यात.